कास्टिंग रिजेक्ट झालं की सगळे जमतात, जंगलाचं तसं का नाही?

मी बेळगावच्या उद्यमबागेत एका फाउंड्रीत, म्हणजे बीड वितळवून साच्यात ओततात त्या कारखान्यात, क्वालिटीला आहे. बीएस्सी मात्र बॉटनीत केलीय. बेळगावात हे काही नवल नाही, आमच्याकडं एक जण मराठीत एमए झालेला आहे आणि तो भट्टी बघतो. तर आमच्यात एखादं कास्टिंग, म्हणजे ओतून केलेला तुकडा, रिजेक्ट झालं, समजा पंपाच्या हाउसिंगला मशिनिंग करताना आत ब्लोहोल, म्हणजे वायूचं भोक, निघालं, की पहिल्यांदा काय होतं तर सगळे त्या पीसभोवती गोळा होतात. सँडवाला म्हणतो माझं मॉइश्चर बरोबर होतं, मेल्टिंगवाला हीट नंबर काढून टेंपरेचर दाखवतो, कोअरवाला म्हणतो कोअर नीट भाजलेला होता, पॅटर्नवाला म्हणतो मी व्हेंट दिले होते तुम्हीच बुजवले. आरडाओरडा होतो, कधी एकमेकांच्या खानदानाचा उद्धार पण होतो. पण तासाभरानं कळतं की दोष एकट्या कुणाचा नव्हता. वाळू जरा ओली होती आणि त्याच दिवशी धातू जरा थंड ओतला गेला, नुसती वाळू ओली असती तर निभावलं असतं, नुसता धातू थंड असता तरी चाललं असतं, दोन्ही एकाच पाळीत आलं म्हणून भोक पडलं.

आता मला राग कशाचा येतो ते सांगतो. चाळीस किलोच्या बिडाच्या तुकड्यासाठी आम्ही चार खात्यांची माणसं एका टेबलाशी आणतो, आणि खानापूर तालुक्यातल्या जंगलाबद्दल काही ठरवायचं असलं की एकच खातं पुढं येतं, एकच आकडा आणि एकच शास्त्र घेऊन. कधी ते शास्त्र उपग्रहाचं असतं, कधी इंजिनियरचं, कधी वाघाचं. बाकीची शास्त्रं मागनं येतात, बहुतेक वेळा कोर्टात. माझं म्हणणं एवढंच आहे की एका जागेचा दगड, पाणी, झाडं, जनावरं, रोग आणि तिथं राहणारी माणसं ही एकाच वर्षात एकत्र बघितल्याशिवाय त्या जागेचं काही ठरवूच नये, आणि हे करायला बेळगावसारखी सोयीची जागा दुसरी शोधून सापडायची नाही.

पहिलं माझंच पाप सांगतो म्हणजे मी दुसऱ्यांना नावं ठेवायला मोकळा.

कॉलेज संपल्यावर दोन वर्षांनी एका संस्थेच्या झाडं लावायच्या कार्यक्रमाला आम्ही तीसेक जण गेलो होतो, कणकुंबीच्या अलीकडं एका सड्यावर, म्हणजे डोंगरावरच्या सपाट कातळावर. जुलै महिना, धुकं इतकं की पुढचा माणूस दिसेना. जागा मीच सुचवलेली, कारण कॉलेजच्या टूरला जानेवारीत आलो तेव्हा ती भकास बघितलेली, काळा-तांबडा कातळ, एक झुडूप नाही. म्हटलं इथं लावूया, इथं गरज आहे. पहारीनं खड्डे खणायला घेतले तर पहार वाजायची, वीतभर खाली जाईना. जांभा तो. मग जिथं भेग होती तिथं माती कोंबून करंज, गुलमोहर, काय काय लावलं, फोटो काढले, वडापाव खाल्ले. त्या दिवशी आमच्या बुटांखाली बोटभर उंचीची निळी-जांभळी फुलं होती सगळीकडं, पांढरे बटणासारखे गेंद होते, आणि ओल्या मातीवर तांबूस चिकट केसांची चिमुकली चकती, ती दवबिंदू. बॉटनीवाला म्हणून मी ती ओळखली पण, एकाला दाखवली पण, आणि दुसऱ्या मिनिटाला त्याच्याच शेजारी पहार मारली. मार्चपर्यंत आमची सगळी रोपं वाळून काटक्या झाल्या होत्या.

नंतर कळलं ते असं. जांभा म्हणजे हजारो-लाखो वर्षांच्या पावसानं धुऊन धुऊन उरलेला दगड. पावसानं त्यातली सिलिका नेली, चुना नेला, लोह आणि ॲल्युमिनियम तेवढं मागं राहिलं, म्हणून तो तांबडा. फ्रान्सिस बुकॅनन नावाच्या स्कॉटिश डॉक्टरनं केरळातला जांभा बघून १८०७ मधे छापलेल्या पुस्तकात त्याला लॅटेराइट नाव दिलं, लॅटिनमधे लेटर म्हणजे वीट, कारण लोक तो विटेसारखा कापून घरं बांधत होते, आपण पण चिरे तसेच कापतो. आता ज्या दगडातनं सगळं धुऊन गेलंय त्याच्यावर जी दोन बोटं माती साठते तिच्यात नायट्रोजन कुठला असणार. म्हणून तिथली वनस्पती किडे खाते. दवबिंदूचे चिकट केस किडा धरायला असतात, आणि ती निळी सीतेची आसवं दिसायला नाजूक पण मुळाशी असलेल्या बारक्या फुग्यांत पाण्यातले सूक्ष्म जीव ओढून घेतात. म्हणजे झाड मांसाहारी का झालं याचं उत्तर दगडात आहे. बॉटनीच्या पेपरात आम्ही दवबिंदूची आकृती काढून पाच मार्क मिळवले होते, आणि जांभा कसा होतो हे जिऑलॉजीची मुलं वरच्या मजल्यावर शिकत होती. तीन वर्षांत आम्ही कधी एका वर्गात बसलो नाही, टूरला सुद्धा बस वेगळी आणि दिवस वेगळा.

तो सडा जानेवारीत भकास दिसतो कारण तो जानेवारीत झोपलेला असतो. मी त्याला आजारी समजून इंजेक्शन द्यायला गेलो.

आता हीच चूक मोठ्या प्रमाणावर कागदावर कशी होते बघा. देशाचा जो दोन वर्षांनी वनअहवाल निघतो, फॉरेस्ट सर्व्हे ऑफ इंडियाचा, त्याच्यात जंगल कशाला म्हणायचं तर एक हेक्टरपेक्षा जास्त जागा आणि त्याच्यावर झाडांच्या माथ्याची सावली दहा टक्क्यांच्या वर, मग जमीन कुणाची का असेना, झाड कुठलं का असेना. सत्तर टक्क्यांच्या वर गेलं की अतिदाट, चाळीस ते सत्तर मध्यम, त्याच्याखाली विरळ. उपग्रहातनं बघायचं तर अशी काहीतरी व्याख्या लागणारच, त्याला माझी ना नाही, देशभराचा हिशोब पायी फिरून थोडाच होणार. पण या व्याख्येत काजूची बाग जंगल होते, निलगिरीची लागवड जंगल होते, ॲकेशियाच्या रांगा जंगल होतात, आणि कणकुंबीचा सडा होत नाही, सौंदत्तीकडचं गवताळ माळरान होत नाही. मग कुणीतरी तिथं पडीक असं लिहितं, आणि पडीक म्हटलं की त्याच्यावर एकतर झाडं लावायची असतात नाहीतर प्लॉट पाडायचे असतात.

गवताचं तर फारच वाईट आहे. आपल्याकडं इंग्रजांच्या काळापासनं जंगलांचे प्रकार पाडायची पद्धत आहे, चॅम्पियन नावाच्या साहेबानं १९३६ मधे केली आणि १९६८ मधे सेठ यांच्याबरोबर ती सुधारली, अजून वनखातं तीच वापरतं. ती मुळात लाकूड बघणाऱ्याच्या नजरेची. त्याच्यात ज्याला शुष्क पानझडी जंगल म्हटलंय त्यातलं बरंचसं खरं म्हणजे सॅव्हाना आहे, म्हणजे झाडं आणि गवत दोघं मिळून राहणारी जागा, असं बंगळुरूच्या काही शास्त्रज्ञांनी २०११ मधे मांडलं. फरक कसा ओळखायचा तर खालचं गवत कुठल्या पद्धतीनं अन्न तयार करतं ते बघून. उन्हाळी गवतांची प्रकाशसंश्लेषणाची पद्धत झाडांपेक्षा वेगळी असते, त्याला सी-फोर म्हणतात, आणि त्या गवताच्या कार्बनची जी सही असते ती मातीत हजारो वर्षं टिकते. निलगिरी डोंगरातल्या दलदलीच्या मातीचा असा कार्बन मोजून १९९३ मधे आपल्याच शास्त्रज्ञांनी दाखवलं होतं की तिथं गेल्या काही हजार वर्षांत कधी गवत वरचढ होतं तर कधी झाडं, पाऊस बदलला तसं. हे काम केमिस्ट्रीचं. वनरक्षकाला मातीकडं बघून हे दिसणार नाही आणि उपग्रहाला तर मुळीच नाही. पण या माळावर झाडं लावायची का नाही हा प्रश्न मात्र ती केमिस्ट्री विचारल्याशिवाय सुटत नाही.

बरं, मग पाणी. आपल्याकडं जंगल हा विषय शेवटी पाण्यावरच येतो. मलप्रभा कणकुंबीला उगम पावते आणि पूर्वेला जाते, म्हादई त्याच डोंगरातनं देगावाकडनं पश्चिमेला गोव्याकडं जाते. एकाच डोंगराचं पाणी, थोडं इकडं सांडलं तर बंगालच्या उपसागराला, थोडं तिकडं सांडलं तर अरबी समुद्राला. कळसा-भांडुऱ्यावरनं, म्हणजे म्हादईचं पाणी मलप्रभेत वळवायच्या योजनेवरनं, किती वर्षं भांडण चाललंय ते मी सांगायला नको. २०१८ मधे लवादानं निकाल दिला, कर्नाटकाला १३.४२ टीएमसी (टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट पाणी), गोव्याला २४, महाराष्ट्राला १.३३. हुबळी-धारवाडच्या लोकांना प्यायला पाणी पाहिजे हे मला मान्यच आहे, तहानेवर वाद घालणारा मी कोण. पण तीन राज्यं टीएमसीवर इतकी भांडली, त्यातल्या किती जणांनी विचारलं की डोंगर फेब्रुवारीत पाणी कसं देतो? कारण पाऊस सप्टेंबरात संपतो, ऑक्टोबरात थोडा परतीचा. मग पुढं सहा-सात महिने ओढा कशावर वाहतो?

तो वाहतो जांभ्यावर. जांभा सच्छिद्र, वरनं पाणी पितो, आणि त्याच्याखाली पांढरट चिकणमातीचा थर असतो तिथं पाणी अडतं, मग डोंगराच्या कडेला जिथं तो थर उघडा पडतो तिथं झरा फुटतो. त्या झऱ्याशीच बघा तुम्हाला सदाहरित राई सापडते. पण पाणी पिण्याची ही ताकद वरची जमीन कशी आहे त्यावर ठरते, आणि याचा अभ्यास कुणी केलाय? आपल्या हनुमाननगरात राष्ट्रीय जलविज्ञान संस्थेचं केंद्र आहे, कठीण खडकांच्या प्रदेशासाठी असलेलं. तिथल्या आणि बाहेरच्या शास्त्रज्ञांनी मिळून शेजारच्या उत्तर कन्नड म्हणजे कारवार जिल्ह्यात नैसर्गिक जंगल, ॲकेशियाची लागवड आणि उजाड जमीन अशा तिन्ही ठिकाणी जमीन पाणी किती मुरवते ते मोजलं. नैसर्गिक जंगलाची जमीन सगळ्यात जास्त पाणी मुरवते, उजाड जमिनीवरनं ते झटकन वाहून जातं, लागवडीची जमीन दोन्हींच्या मधे. तिथली मेख अशी की झाड पाणी मुरवतं पण आणि पितं पण, म्हणून झाडं वाढली की पाणी वाढलं असं सरळ गणित मांडता येत नाही, कुठलं झाड, कुठल्या जमिनीत, खाली कुठला दगड, यावर हिशोब बदलतो. एवढं सगळं मोजलेलं माझ्या घरापासनं रिक्षाच्या अंतरावर पडलंय आणि आमच्या कॉलेजात तीन वर्षांत एकानं पण त्या संस्थेचं नाव घेतलं नव्हतं. उपग्रहाच्या नकाशावर ॲकेशिया पण हिरवी आणि राई पण हिरवीच.

एक गोष्ट मला फार उशिरा कळली आणि कळल्यावर सगळा नकाशा बदलला. पाँडिचेरीच्या फ्रेंच इन्स्टिट्यूटनं १९८०च्या दशकात दक्षिण भारताच्या वनस्पतींचे नकाशे केले, त्यात आपल्या बेळगाव-धारवाड-पणजीचा पण एक आहे. पास्कल नावाच्या शास्त्रज्ञाचं काम. त्यांनी पाऊस किती पडतो याच्याइतकंच किती महिने पडत नाही हे धरलं. केरळात आणि कणकुंबीला पाऊस सारखाच पडत असेल, पण तिकडं कोरडे महिने दोन-तीन आणि आपल्याकडं सहा-सात. म्हणून केरळातली पुष्कळ झाडं इथं येईपर्यंत गळून जातात. म्हणजे हवामान आणि वनस्पती एकाच कागदावर आणल्याशिवाय दोन्ही अर्धवट.

माकडतापाचं उदाहरण तर मी कुणालाही सांगतो, बसमधे शेजारी बसलेल्याला पण. १९५७ मधे शिमोगा जिल्ह्यात क्यासनूरच्या जंगलात माकडं मरायला लागली आणि पाठोपाठ माणसांना ताप. पुण्याच्या विषाणू संस्थेची माणसं आली, आणि विषाणू सापडला तर तो रशियाकडच्या एका तापाच्या विषाणूचा भाऊबंद निघाला. आता रशियाचा विषाणू शिमोग्यात कसा, तर शंका आली की स्थलांतर करणारे पक्षी गोचीड घेऊन येत असतील. म्हणून पक्ष्यांच्या पायात कडी अडकवायचा प्रकल्प जागतिक आरोग्य संघटनेच्या पैशावर बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीनं १९५९ मधे सुरू केला, सलीम अलींनी. ताप शोधायला निघाले आणि पक्ष्यांच्या प्रवासाचं शास्त्र उभं राहिलं! दोष मात्र पक्ष्यांचा नव्हता. बोशेल नावाच्या शास्त्रज्ञानं मांडलं की जंगलात भातासाठी जागा मोकळ्या केल्या, गुरं चरायला आत जायला लागली, मोठ्या गोचिडांना रक्त प्यायला गुरं मिळाली, गोचिडं वाढली, कडेला घाणेरीचं रान माजलं, आणि गोचिडांची बारकी पोरं माकडांना आणि माणसांना चावायला लागली. डॉक्टरला विषाणू दिसला, कीटकवाल्याला गोचीड, प्राणीवाल्याला माकड, बॉटनीवाल्याला घाणेरी, आणि शेतकऱ्याची गाय कुणाच्याच विषयात बसत नव्हती.

आणि हे लांबचं राहिलेलं नाही. २०१५ च्या सुमाराला हा ताप गोव्यात सत्तरीला आला, पुढच्या वर्षी दोडामार्गाला. काजूच्या हंगामात जमिनीवरच्या पाल्यात हात घालून बिया गोळा करणारी माणसं आजारी पडायला लागली. आपल्याकडनं किती जण त्या हंगामाला गोव्यात जातात हे खानापूरच्या कुठल्याही घरात विचारा. काजूचा हंगाम आणि गोचिडांच्या पोरांचा हंगाम एकच, साधारण डिसेंबर ते मे. मजुरीचा हा कॅलेंडर आरोग्यखात्याला कोण सांगणार, अर्थशास्त्राचा प्राध्यापक? तो तर म्हणेल जंगल माझा विषय नाही.

इथं कुणी म्हणेल की अहो हेच तर आता नव्या धोरणात आलंय, बहुविद्याशाखीय शिक्षण. होय की. २०२० चं राष्ट्रीय धोरण आलं, कर्नाटकानं पहिल्यांदा लागू केलं, मग सरकार बदललं आणि परत मागं घेतलं, पोरांनी सिलॅबस बदलताना बघितला आणि शिक्षकांनी फॉर्म भरले. कागदावर बॉटनीच्या मुलाला संगीत घेता येत होतं पण जिऑलॉजीच्या मुलाबरोबर एका ओढ्यात उभं राहता येत नव्हतं. आणि ते सेमिनार! आंतरविद्याशाखीय म्हणून दोन दिवसांचं शिबिर असतं, पहिल्या दिवशी दीपप्रज्वलन, शाल, श्रीफळ, प्रत्येकजण आपापली पीपीटी दाखवतो आणि जेवण झालं की निघून जातो. एकत्र बसणं आणि एका पीसभोवती जमणं यात फरक आहे. आमच्या शॉपमधे पीस मधे ठेवलेला असतो, त्याला हात लावता येतो, भोक दिसतं. सेमिनारमधे मधे फक्त फुलदाणी असते.

म्हणून मला वाटतं मधे ठेवायला काहीतरी पाहिजे, आणि ते या जिल्ह्यात देवानं आयतं दिलंय. कणकुंबीला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, कधी कधी त्याच्या पुष्कळ वर. बेळगावात बाराशे-तेराशे. अथणीला पाचशे-सहाशे. कारण एकच, वारा समुद्राकडनं येतो, सह्याद्री चढताना ओझं टाकतो आणि पलीकडं रिकाम्या हातानं जातो. सकाळी कणकुंबीतनं निघालात तर दुपारच्या जेवणाला अथणी. तेवढ्या प्रवासात सदाहरित राई, मग ऐन-किंजळ-नाण्याचं ओलं पानझडी, मग सागवान, मग पळस, मग बाभळीचं काटेरी रान आणि गवत. खालचा दगड पण बदलतो, उत्तरेला दख्खनचा काळा बेसाल्ट साडेसहा कोटी वर्षांचा, खानापूर-लोंढ्याकडं धारवाडचा खडक अडीचशे कोटींच्याही आधीचा, आणि मधे गोकाकचा धबधबा ज्याच्यावरनं उडी मारतो तो कलादगीचा वालुकाश्म. परदेशात असा पट्टा बघायला देश ओलांडावा लागतो आणि आपण तो लग्नाला जाताना सुमोत झोपून पार करतो.

या पट्ट्यावर सात-आठ कायमचे प्लॉट धरावेत, एकेक हेक्टरचे. सगळ्या कॉलेजांनी मिळून. दरवर्षी त्याच जागी, त्याच झाडाचा घेर, त्याच ओढ्याचं पाणी, तीच माती, तिथलीच मुंगी आणि गोचीड, आणि शेजारच्या गावातली कोण माणसं कधी कशासाठी आत जातात तेही. आपल्याकडं पारंपरिक औषधांची राष्ट्रीय संस्था आहे, जलविज्ञान केंद्र आहे, विद्यापीठं आहेत, मेडिकल कॉलेजं आहेत, नवीन बिल्डिंग बांधायची गरजच नाही. दहा वर्षांनी जेव्हा कुणी म्हणेल इथनं लाइन न्यायची आहे, इथनं रस्ता, इथलं गाव उठवायचं आहे, तेव्हा टेबलावर दहा वर्षांची वही असेल.

गाव उठवायचा प्रश्न मी मुद्दाम शेवटी ठेवलाय कारण तो अवघड आहे. भीमगड अभयारण्य २०११ मधे झालं, १९० चौरस किलोमीटरचं. आत गावं आहेत, पावसाळ्यात रस्ता नाही, आजारी माणसाला खांद्यावरनं आणावं लागतं. काही जणांना बाहेर यायचंय, त्यांनी यावं, मोबदला चोख मिळावा. काहींना नाही यायचं. पण दोन्ही बाजूचे लोक असं बोलतात की जणू गाव गेलं की मागं मूळचं अस्पर्श जंगल उरतं. इतिहासवाल्याला विचारा. या डोंगरांत पिढ्यानपिढ्या कुमरी होती, रान तोडून जाळून दोन-तीन वर्षं नाचणी घ्यायची आणि पुढं सरकायचं, एकोणिसाव्या शतकात इंग्रजांनी ती बंद करत आणली. म्हणजे आज ज्याला आपण घनदाट म्हणतो त्यातला काही भाग कुणाच्या तरी आज्याच्या शेतावर उगवलाय. कारवारच्या समुद्रातल्या गाळात सापडलेले परागकण तर साडेतीन हजार वर्षांपूर्वीच सदाहरित जंगल मागं हटायला लागल्याचं सांगतात. आणि भीमगडच्याच बारापेडे गुहेत रॉटनचं वटवाघूळ आहे, १९१३ मधे शास्त्राला कळलं, कित्येक दशकं अख्ख्या जगात तेवढी एकच जागा माहीत होती, नंतर मेघालयात आणि कंबोडियात पण सापडलं. गुहेला संरक्षण आहे, पण ते रात्री बाहेर पडून किडे कुठं खातं, राईवर का भातशेतावर, हे बघितल्याशिवाय शेतं गेल्यावर त्याचं काय होईल ते कसं सांगणार?

भाषेचा पण एक घोळ आहे आपला खास. खात्याच्या कागदावर मत्ती, मामाच्या तोंडी ऐन, माझ्या हर्बेरियमवर, म्हणजे वाळवून चिकटवलेल्या नमुन्यावर, लॅटिन नाव, तिन्ही एकच झाड. नेरळे म्हणजे जांभूळ हे सगळ्यांना माहितीय, पण नंदी म्हणजे नाणा हे किती जणांना? सीमेवरनं आपण साठ-सत्तर वर्षं भांडतोय, माझी बाजू काय असणार ते माझ्या भाषेवरनं कळतंच, पण झाडांची तीन भाषांची साधी यादी करायला कुठल्या कोर्टाची परवानगी लागत नाही. कन्नड वनरक्षक आणि मराठी गुराखी एकाच झाडाखाली बसून दोन वेगळ्या झाडांबद्दल बोलतात आणि दोघांनाही वाटतं समोरच्याला काही कळत नाही.

एवढी शास्त्रं गोळा करत बसलात तर काम कधी होणार, असं माझा एक मित्र म्हणतो, तो कॉन्ट्रॅक्टर आहे, त्याचं बरोबर आहे. आमचा मालक पण आधी हेच म्हणायचा, मीटिंग कमी करा आणि ओता. एका वर्षी एका ऑर्डरची अख्खी लॉट परत आली, ट्रकनं, तेव्हापासनं म्हणत नाही. दुसरा एक आक्षेप जास्त वजनाचा आहे, की सगळ्यांनी सगळं बघायचं म्हटलं तर कुणालाच काही खोल कळणार नाही. ते मला पटतं. गोचिडावर आयुष्य घालवणारा माणूस पाहिजेच, त्यानं जांभा शिकू नये. त्यानं फक्त जांभ्यावाल्याबरोबर त्याच प्लॉटवर त्याच दिवशी यावं आणि डबा एकत्र खावा. अर्धी माहिती डब्यावरच बदलली जाते.

गेल्या महिन्यात जांबोटीच्या पुढं मामाकडं गेलो होतो तेव्हा हे सगळं त्याला सांगितलं. मामा सातवी. काजू सोलत बसला होता, ऐकून घेतलं सगळं, प्लॉट म्हणजे काय ते विचारलं, दोरी कोण बांधणार ते विचारलं. मग म्हणाला, "आमच्या मागच्या राईत घ्या की एक, देवाला विचारून. पण तुमी कॉलेजवाले आपले जानेवारीत येताय बघ दरवर्षी, बस घेऊन, टोप्या घालून. त्या टायमाला काय दिसणार तुमाला? जुलैत या. जळू चावतील, रस्ता नसेल, पण सगळं जागं असतंय तवा."

मी म्हटलं जुलैत परीक्षा असतात.

"मग परीक्षा हलवा," मामा म्हणाला आणि पुढचा काजू घेतला.